पीक गेलं, मुलगा शहराला निघाला, आणि प्रार्थनेत मन लागत नाही

प्रश्न थोडक्यात असा. अंबड तालुक्यातल्या एका ताईंचं सोयाबीन काढणीच्या तोंडावर पाण्यात गेलं. सोसायटीचं कर्ज थकलंय. मोठा मुलगा पुण्याकडे कंपनीत कामाला जाऊ म्हणतो, त्याच्या वडिलांची ना आहे. घरात वर्षभर रोज प्रार्थना चालू आहे, आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेलं की 'विश्वास ठेवा, देव मार्ग दाखवील' एवढंच कानावर पडतं. ताई विचारतात: देवाचा आधार वाटत का नाही, आणि त्याची इच्छा कळायची कशी?

ताई, या दोन गोष्टींची तुमच्या मनात गाठ बसली आहे. आधी ती सोडवू. 'जिवाला आधार कसा मिळेल' हा एक प्रश्न आणि 'मुलाला पाठवावं का' हा दुसरा. आपण धरून बसतो की दुसऱ्याचं उत्तर मिळालं की पहिला आपोआप सुटेल. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, बहुतेक ठिकाणी क्रम उलटा आहे: आधार आधी येतो, उत्तर मागून, आणि कधी कधी उत्तर येतच नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. काटा राहिला, 'माझी कृपा तुला पुरे' हे मिळालं (२ करिंथ १२). म्हणून उत्तर आलं नाही यावरून देव जवळ नाही असा हिशेब मांडू नका.

आधार देव कसा देतो हे बघायचं तर १ राजे १९ वा अध्याय उघडा आणि सावकाश वाचा. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळाला. बैर-शेब्यापर्यंत चाकर सोबत होता, त्याला तिथेच ठेवून तो एकटा रानात एक दिवसाची वाट चालून गेला आणि एका झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणाला. यावर देवाने त्याला काय दिलं? उपदेश नाही, दटावणी नाही. त्याला झोप लागली. देवदूताने हात लावून उठवलं, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो जेवला, पाणी प्यायला आणि पुन्हा आडवा झाला. देवदूत दुसऱ्यांदा आला आणि म्हणाला, ऊठ, खा, कारण पुढची वाट तुला झेपायची नाही. ४० दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर मग कुठे 'एलीया, तू इथे काय करतोस?' हा प्रश्न आला. तोही दोनदा. एलीयाने दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणं सांगितलं, देवाने दोन्ही वेळा ऐकून घेतलं, आणि मग पुढचं काम नेमून दिलं. त्या कामात अलीशा नावाचा सोबती होता, आणि 'मी एकटाच उरलो' म्हणणाऱ्याला ७,००० माणसं शिल्लक असल्याची खबर होती.

हा क्रम लक्षात ठेवा: झोप, भाकर, पुन्हा झोप, पुन्हा भाकर, गाऱ्हाणं, आणि सगळ्यात शेवटी मार्ग. आपल्याकडे घरात अडचण आली की पहिलं काम म्हणजे जेवण सोडून उपास-प्रार्थना आणि रात्रभर जागरण. उपासाला शास्त्रात जागा आहे, पण खचलेल्या, अशक्त, शुगर-बीपीच्या माणसाने दोन-दोन दिवस उपाशी राहिलं की मन निवत नाही, उलट चिडचिड, रडू आणि भीती वाढते. मग त्यालाच आपण 'सैतानाचा हल्ला' म्हणतो. माझं स्पष्ट मत आहे: पहिला आठवडाभर तुम्ही दोघांनी उपास करू नका. दोन वेळा पोटभर जेवा, रात्री दहाला दिवा बंद करा. हाही देवाच्या आधाराचाच भाग समजा.

इथेच एक गोष्ट निक्षून सांगतो. घरात कोणाची झोप-भूक दोन आठवड्यांवर उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा 'मी नसलो तर बरं' असं बोलणं निघत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टर हवाच. शेती बुडालेल्या घरात पुरुष हे बोलून दाखवत नाहीत. तो शेताकडे एकटाच जाऊन बसतो, हिशेबाच्या वह्या आवरून ठेवतो. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीसुद्धा मराठीत फुकट बोलता येतं. फवारणीची औषधं घरातून हलवून दुसऱ्याकडे ठेवायला द्या. देवदूताने एलीयाला एकटं सोडलं नव्हतं, आपणही सोडायचं नाही.

आता रोजच्या प्रार्थनेचं बोलू. ती कोरडी पडते याचं नेहमीचं कारण असं की आपण तेच मागणं त्याच शब्दांत रोज सांगतो आणि खरं जे मनात आहे ते आवंढ्यासारखं गिळतो. देवासमोर तक्रार केली तर अविश्वास ठरेल अशी भीती असते. पण स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास स्तोत्रं विलापाचीच आहेत. ८८ वं स्तोत्र तर अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, तरीही ते शास्त्रात आहे.

सुरुवात १३ व्या स्तोत्रापासून करा. सहाच ओव्या आहेत आणि त्यांची बांधणी सोपी आहे. पहिल्या दोन ओव्यांत गाऱ्हाणं: 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोन ओव्यांत मागणं. शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा. एक साधी १०० पानी वही घ्या. सकाळी चहाच्या आधी किंवा झाडलोट झाल्यावर, जी वेळ रोज जमेल ती, पंधरा मिनिटं. स्तोत्र मोठ्याने वाचा, कारण मनातल्या मनात वाचलं की डोळे ओळीवरून घसरतात आणि मन सोसायटीत जाऊन बसतं. मग वहीत तीन भागांत लिहा, तुमच्या बोलीत. 'देवा, आणखी किती दिवस? सचिव परत येऊन गेला. मालक जेवले नाहीत. मला तुझा राग आलाय.' हे गाऱ्हाणं. 'आज त्यांना दोन घास खाऊ घाल. मला बँकेत बोलायचं धैर्य दे.' हे मागणं. तिसरा भाग कठीण जातो. तिथे उसना आनंद लिहू नका. काल जे खरोखर घडलं त्यातलं एकच लिहा: शेजारणीने दूध आणून दिलं, पोरगी हसली, रात्री चार तास झोप लागली. काहीच सापडलं नाही तर 'आज काही दिसत नाही, पण तुझ्यापाशीच बसले आहे' एवढं लिहा. तोही भरवसाच आहे.

मागणं आजच्या दिवसापुरतं ठेवा. इस्राएल लोकांना रानात देवाकडून मान्ना हे अन्न मिळत होतं ते माणशी एक ओमर (एक माप), एका दिवसाचं. उद्यासाठी राखून ठेवलेलं किडलं, त्याला घाण सुटली (निर्गम १६). 'सगळं कर्ज फेड' ही प्रार्थना रोज केली तर रोज संध्याकाळी ती नामंजूर झाल्यासारखी वाटते. 'आज व्यवस्थापकासमोर बोलताना जीभ अडखळू देऊ नको' ही प्रार्थना संध्याकाळी तपासता येते. कर्जाचं मागणं आठवड्यातून एकदा, रविवारी, दोघांनी मिळून करा, आणि मग ते वहीतच राहू द्या.

शब्दच सुटले नाहीत तर? खुरपताना, भाकरी थापताना, गाडीची वाट बघताना एकच ओळ पुरे: 'प्रभू येशू, माझ्यावर दया कर.' बार्तीमय आंधळ्याची प्रार्थना याहून फार लांब नव्हती, आणि राजाच्या चाकरीत असलेल्या नहेम्याने तर राजाचा प्रश्न आणि आपलं उत्तर यांच्या मधल्या क्षणात प्रार्थना केली. गाणं येत असेल तर गा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग-भजनांच्या आपल्या वळणात ख्रिस्ताची गीतं लिहिली, त्यामुळे मराठी माणसाला प्रार्थनेसाठी परकी चाल उसनी घ्यावी लागली नाही. दुःखात बोलता येत नाही तेव्हाही पाठ असलेलं भजन ओठांवर येतं. म्हणून चार भजनं सुखाच्या दिवसांत पाठ करून ठेवावीत.

संध्याकाळी वही उघडून सकाळच्या मागण्यापुढे काय झालं ते एका ओळीत लिहा. 'झालं', 'नाही झालं', 'वेगळंच झालं'. पाच-सहा आठवड्यांनी मागची पानं चाळली की 'वेगळंच झालं' या शेऱ्याजवळ थांबा. देवाचा हात बहुधा तिथे दिसतो, आणि तो त्या त्या दिवशी दिसलेला नसतो. पहिल्या दहा-बारा दिवसांत काहीच बदल वाटणार नाही आणि याच टप्प्यावर बहुतेक जण वही सोडतात. तुम्ही सोडू नका.

आता मुलाचा प्रश्न. जालन्याजवळ ख्रिस्ती पाळक नारायण शेषाद्रींनी १९ व्या शतकात नव्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी बेथेल नावाची वस्ती उभी केली. ते नाव ज्या जागेचं आहे तिथली गोष्ट तुमच्या घराला लागू पडते. उत्पत्ती २८: याकोब घर सोडून हारानला निघाला आहे, रात्र झाली म्हणून धोंडा उशाला घेऊन उघड्यावर झोपला आहे. स्वप्नात देव त्याला सांगतो की मी तुझ्याबरोबर आहे, जाशील तिकडे तुला राखीन, परत आणीन. बस. तिकडे मामा कसा वागेल, मजुरी दहा वेळा बदलेल, २० वर्षं काढावी लागतील, यातलं अवाक्षर नाही. सोबतीचं वचन मिळालं, नकाशा मिळाला नाही. आणि याकोबानेही मागितलं ते खायला भाकर आणि ल्यायला वस्त्र, बंगला नव्हे.

स्तोत्र ११९ म्हणतं, वचन माझ्या पावलांसाठी दिवा आहे. हा दिवा मातीचा, तेलवातीचा. लाइट गेल्यावर असला दिवा हातात घेऊन अंगणातून गोठ्यापर्यंत गेलात तर कळेल: गोठा दिसत नाही, पुढचं पाऊल तेवढं दिसतं, आणि ते टाकलं की त्याच्या पुढचं. जागेवर उभं राहून कितीही वेळ दिवा धरला तरी उजेड वाढत नाही. वर्षभर तुम्ही अंगणातच उभ्या आहात असं मला वाटतं. तेव्हा पुढचं पाऊल टाकायच्या कामाला लागा.

एका कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात देवाने आधीच स्पष्ट सांगितलेलं: खोटं बोलायचं नाही, आई-बापाचा मान राखायचा, घेतलेलं कर्ज बुडवायचं नाही. मुलाचं जाणं यातल्या कशाच्याही विरुद्ध नसेल तर ते पाप नाही, आणि मग 'देवाची इच्छा चुकेल' ही धास्ती निम्मी कमी होते. दुसऱ्या रकान्यात अक्कल चालवून कळणारं. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्च धरावा असं प्रभू येशूच सांगतो (लूक १४). पगार हातात किती, कंत्राटावर की कायम, पी.एफ. कापतात का, खोलीचं भाडं आणि अनामत, खानावळ, जाण्यायेण्याचा खर्च, महिन्याला घरी किती उरेल, रब्बीच्या पेरणीला हात कमी पडले तर मजूर लावायला किती लागेल. हे आकडे मांडल्याशिवाय केलेली 'प्रभू, मार्ग दाखव' ही प्रार्थना अर्धवट आहे. तिसऱ्या रकान्यात माणसाला कळू शकत नाही ते: कंपनी चालेल का, मुलगा तिथे वाकड्या वाटेला लागेल का. हा रकाना देवाचा. त्यावर डोकं शिणवायचं नाही, तो नाव घेऊन प्रार्थनेत द्यायचा.

मग तीन माणसांना विचारा, वेगवेगळं. एक तिथे काम केलेला. एक तुमच्यासाठी खरोखर प्रार्थना करणारा. आणि एक असा की जो तोंडावर 'नको' म्हणायला भीत नाही. तिघेही होकार देणारेच निवडले तर विचारल्याचा काही उपयोग नाही. मुलाच्या वडिलांची ना कशासाठी आहे तेही नीट ऐका. बहुतेक वेळा 'पाठवायचं नाही' याच्या पोटात 'मी हरलो असं दिसेल' हे असतं, आणि ते बाहेर आलं की बोलणं पुढे सरकतं.

प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौलाच्या टोळीचा मार्ग असाच ठरला. आशिया प्रांतात जायला अडवलं गेलं, बिथुनियाकडे निघाले तिथेही वाट बंद, त्रोवसला आले, रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. आणि मग लिहिलं आहे की 'आम्ही' अनुमान काढलं. दृष्टान्त एकाला झाला, निर्णय सगळ्यांनी विचार करून घेतला. आणि हे विसरू नका: त्या बरोबर ठरलेल्या वाटेने गेल्यावर फिलिप्पैत पौल आणि सीला यांना फटके बसले, तुरुंग घडला. मुलाला तिकडे त्रास झाला म्हणजे देवाची इच्छा चुकली असं नंतर एकमेकांना बोलू नका.

तारीख ठरवा, आजपासून पंधरा दिवस. निर्णय सकाळी घ्या, रात्री अकराच्या भांडणात नको. ठरलं की दोघांनी मिळून मुलाला सांगा.

आता चुका कुठे होतात ते. ३१ डिसेंबरच्या उपासनेत उचललेली वचनाची चिठ्ठी वर्षभर देवाच्या कौलासारखी वापरणं. चिठ्ठीतलं वचन खरं असतं, पण ते कोणाला, कशासाठी सांगितलं ते चिठ्ठीवर मावत नाही. यिर्मया २९:११, 'हिताचे संकल्प', अनेकांच्या दारावर चिकटवलेलं असतं. ते बाबेलात बंदिवान असलेल्यांना लिहिलेलं पत्र आहे. त्याच पत्रात ७० वर्षं लागतील, तोवर घरं बांधा, मळे लावा, त्या शहराच्या भल्यासाठी झटा असं आहे, आणि लवकर सुटाल म्हणणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांचं ऐकू नका असंही आहे. म्हणजे ते वचन झटपट सुटकेचं नाही, लांब मुक्कामात तग धरण्याचं आहे. तुम्हाला त्याची गरज उलट जास्तच आहे.

डोळे मिटून बायबल उघडून बोट ठेवणं सोडा. 'उद्या फोन आला तर जा, नाही आला तर जाऊ नको' अशा खुणाही नकोत. लोक गिदोनाच्या लोकरीचं उदाहरण देतात (लोकर दवाने भिजू दे अशी खूण त्याने देवाकडे मागितली होती), पण गिदोनाला जाण्याचा हुकूम आधीच मिळालेला होता, लोकर त्याच्या भीतीपोटी होती. देवाने त्याला सांभाळून घेतलं म्हणून ती रीत ठरत नाही.

कोणी बाहेरून येऊन 'तुमच्या घरावर बंधन आहे, अमुक इतकं बी पेरा, म्हणजे तेवढं दान द्या, की कर्ज तुटेल' म्हणालं तर पाणी द्या आणि वाटेला लावा. प्रार्थनेला पैसे मागणारा आणि गोळ्या बंद करायला सांगणारा, या दोघांना दार उघडू नका. शुगरच्या, फिट्सच्या गोळ्या विश्वासाने बंद केल्या की माणूस दवाखान्यात जातो, आणि दोष मात्र त्याच्या विश्वासाला लागतो.

'कोणाच्या पापामुळे हे झालं' असं विचारणारेही भेटतील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तसल्या संकटात हा प्रश्न उठतोच. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली तेव्हा ती इतरांहून जास्त पापी होती का, याचं येशूने सरळ 'नाही' असं उत्तर दिलं आहे (लूक १३). पाऊस तुमच्या शेतावर आणि शेजाऱ्याच्या शेतावर सारखाच पडला.

मंडळीबद्दल दोन शब्द. योहान १४ मध्ये पवित्र आत्म्याला आपल्या मराठी शास्त्रात 'कैवारी' म्हटलं आहे. कैवार घेणं म्हणजे काय हे आपल्याला सांगावं लागत नाही: भांडणात, पंचायतीत, कचेरीत आपल्या बाजूने उभं राहणं. देव हा कैवार बहुधा माणसांच्या हातून घेतो, आणि तिथेच आपण दार लावून घेतो. थकबाकी झाली की माणूस आधी दानार्पणाला लाजतो, मग प्रभुभोजनाला मागे बसतो, मग यायचंच सोडतो. रिकाम्या हाताने या, पण या. पाळकसाहेबांना 'प्रार्थना करा' इतकंच मोघम सांगू नका, नेमकं काम सांगा: 'मंगळवारी बँकेत जायचं आहे, मंडळीतले निवृत्त मास्तर सोबत द्या.' सातबारा, पंचनाम्याची प्रत, कर्जखात्याचा उतारा जवळ ठेवा. गावाची पैसेवारी (पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज) ५० पैशांच्या आत जाहीर झाली असेल तर पीककर्जाच्या पुनर्गठनाबद्दल तोंडी न विचारता लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. या कामाला सोबत आलेला माणूस हा तुमच्या वर्षभराच्या प्रार्थनेच्या उत्तराचा भाग असू शकतो.

आणि मंडळीतल्यांनी, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांकडून अर्धंच शिकावं. ते ७ दिवस आणि ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. डबा घेऊन जा, वीस मिनिटं बसा, एक स्तोत्र वाचा, उठा.

मुलगा गेला, तर निघायच्या दिवशी उत्पत्ती २८ मधल्या १० ते २२ ओव्या घरात सगळ्यांसमोर वडिलांनी वाचाव्यात, त्यांच्याच तोंडून. नंतर १२१ वं स्तोत्र, आठच ओव्यांचं, जाण्यायेण्याचं रक्षण करणाऱ्या देवाचं. एसटीची वेळ बघून अर्धा तास आधी सुरू करा, कारण वाचताना त्यांचा आवाज अडेल आणि थांबावं लागेल. थांबू द्या. मग दर रविवारी रात्री आठला फोन: तिकडे त्याने आणि इकडे तुम्ही तेच स्तोत्र वाचायचं, आणि त्यानंतरच पैशाअडक्याचं बोलायचं.